ते पत्र अजून पाठवलं नाहीत ना?

वाचक विचारतात : घर, जमीन आणि कागद

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी डिचोलीतल्या एका हायस्कुलात शिकवते. मिस्टर वेर्ण्याला कंपनीत आहेत. मार्च २०२३ मध्ये आम्ही पर्वरीला, काम चालू असलेल्या इमारतीत टू बीएचके घेतला. किंमत ६८ लाख. ॲग्रीमेंट म्हापशाला सब-रजिस्ट्रारकडे रीतसर नोंदवलं. आतापर्यंत २७ लाख २० हजार भरून झालेत. त्यातले १७ लाख बँकेने परस्पर बिल्डरला दिले, बाकीचे आमच्या एफडी मोडून. जीएसटी वेगळा. चतुर्थीनंतर सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. त्यांना गावचं घर सोडून तिसऱ्या मजल्यावर नेणं आता शक्य नाही आणि त्यांना सोडून आम्ही जाणार नाही. फ्लॅट नको झालाय. बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली, "वैयक्तिक कारणास्तव रद्द करतो असं साधं पत्र द्या, आमचा फॉर्म भरा, किमतीच्या २० टक्के कापून बाकीचे मिळतील." म्हणजे १३ लाख ६० हजार गेले! शेजारचे एकजण सांगतात, सही केल्यापासून पंधरा दिवसांत फुकट रद्द करता येतं, ती मुदत तुम्ही घालवलीत. दीर म्हणतात, रजिस्टर झालेलं ॲग्रीमेंट मोडताच येत नाही, बिल्डर कोर्टात खेचेल. पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे, भाषा बरोबर आहे का ते पाहावं. (तसा ताबाही लांबलाच आहे. ॲग्रीमेंटमध्ये ३१ डिसेंबर २०२४ लिहिलं होतं, अजून आतलं प्लास्टर व्हायचंय. पण ते काय, सगळीकडेच होतं.)
- एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : ताई, ते पत्र पाठवू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण एवढं आधी ऐका. पाठवलं असेल तर त्याची प्रत घेऊन उद्याच्या उद्या वकिलाकडे जा. आणि बिल्डरचा तो छापील फॉर्म अजून भरला नसेल, तर तो तसाच कोरा राहू द्या.

मसुद्याची भाषा विचारलीत. भाषेत खोट काढायला जागा नाही, शुद्धलेखनही चोख. पण पहिलंच वाक्य आहे, "आमच्या वैयक्तिक कारणास्तव सदर सदनिका नको असल्याने करार रद्द करावा ही विनंती." या एका वाक्याने तुम्ही करार मोडणारा पक्ष होता, बिल्डर बिचारा नुकसान सोसणारा, आणि २० टक्क्यांचं कलम तुमच्याच सहीने तुमच्यावर लागू होतं. ज्या गोष्टीच्या जोरावर पूर्ण रक्कम व्याजासकट मागता येईल, ती मात्र तुम्ही कंसात टाकलीत. वर "ते काय, सगळीकडेच होतं" असं म्हणून बिल्डरला माफही करून टाकलंत! ऑफिसातल्या त्या मुलीने पत्राचा मजकूर नेमका तोंडी सांगितला, त्यात नवल नाही. असली पत्रं तिने बरीच लिहून घेतली असतील.

कंसातला मजकूर बाहेर काढू. रेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांचं नियमन करणारा कायदा, २०१६ चा. त्याखाली नेमलेल्या प्राधिकरणालाही बोलताना रेराच म्हणतात. या कायद्याचं कलम १८ म्हणतं की करारात लिहिलेल्या तारखेला बिल्डर ताबा देऊ शकला नाही, तर घेणाऱ्याला प्रकल्पातून बाहेर पडता येतं, आणि मग मागणी करताच भरलेली सगळी रक्कम ठरलेल्या दराच्या व्याजासह परत करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. बाहेर पडायचं नसेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागता येतं. यातलं काय निवडायचं हे तुम्ही ठरवायचं, त्याने नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ च्या निकालात हा परताव्याचा हक्क बिनशर्त असल्याचं सांगितलं आहे. उशीर झाला का, एवढाच प्रश्न. तुम्हाला पैसे कशासाठी हवेत, घरी कोण आजारी आहे, हे कुणी विचारायचं कारण नाही.

तुम्ही शिक्षिका, तेव्हा मनात येईलच की खरं कारण सासूबाईंचं आजारपण असताना उशिराचं नाव पुढे करणं बरं दिसतं का. माझं मत विचाराल तर बेलाशक बरं दिसतं. उशीर झालाय ही वस्तुस्थिती आहे, तुम्ही ती रचलेली नाही. ताबा वेळेवर मिळून तुम्ही राहायला गेला असतात, तर आज रद्द करण्याचा विषयच नसता. खोटं काही लिहू नका, कुणी विचारलं तर आजारपण लपवूही नका, पण पत्रात घरचं गाऱ्हाणं घालायची गरज नाही.

आता बिल्डर काय म्हणेल ते सांगते, म्हणजे तुम्ही गांगरणार नाही. पहिलं, "रेराच्या वेबसाइटवर आमची तारीख पुढची आहे." असेल. प्रकल्प नोंदवताना किंवा मुदतवाढ घेताना बिल्डर तिथे स्वतःची तारीख टाकतो. पण मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच स्पष्ट केलंय की रेराने तुमचा करार नव्याने लिहिलेला नाही, उशीर मोजायचा तो करारातल्या तारखेपासून. गोवा त्याच न्यायालयाखाली येतो. दुसरं, "पाऊस फार झाला, रेती मिळाली नाही, कामगार गावी गेले." कायद्याच्या कलम ६ मध्ये युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप आणि निसर्गकोपाचीच तेवढी नावं आहेत. आपल्याकडे पावसाळा दरवर्षी जूनमध्ये येतो हे पर्वरीत इमारती बांधणाऱ्याला तारीख लिहून देताना ठाऊक असतं. रेती उपशावरची बंदीही काही काल-परवाची नाही. तिसरं, करारात सहा महिने सवलतीचे असतील. ते कलम शोधा. असलं तरी डिसेंबर २०२४ मध्ये सहा महिने मिळवून जून २०२५ होतो, आणि तोही गेला.

एकाच गोष्टीची मला धास्ती आहे. मधल्या काळात बिल्डरने "सुधारित ताबा-तारीख मान्य आहे" अशा कागदावर सही घेतली का? अशा सह्या हप्त्याच्या पावतीबरोबर, घाईत, पेन हातात देऊन घेतल्या जातात. व्हॉट्सॲपवरच्या ग्रुपमध्ये नवी तारीख आल्यावर तुम्ही हात जोडल्याचं चित्र टाकून "ओके सर" लिहिलं असेल तर त्याने हक्क संपतो असं नाही, पण समोरचा वकील ते दाखवणार. तेव्हा आधी दोघांचे मोबाइल चाळा. तसेच तुमचे हप्ते. बँकेने एखादा हप्ता महिना-दोन महिने उशिरा सोडला असेल तर त्याच्या तारखा काढून ठेवा, कारण "यांनीच पैसे वेळेवर दिले नाहीत" हे त्याचं चौथं उत्तर असतं.

शेजाऱ्यांच्या पंधरा दिवसांबद्दल. विमा पॉलिसी पसंत पडली नाही तर ठरावीक दिवसांत परत करता येते. घराच्या करारात आपल्याकडच्या कायद्याने अशी मुदत दिलेलीच नाही, त्यामुळे तुम्ही ती घालवलेलीही नाही. मग पंधरा दिवस आले कुठून? तुमच्या ॲग्रीमेंटची जी पानं पाठवलीत त्यात ते आहेत. हप्ते थकले तर बिल्डरने रद्द करण्याआधी तुम्हाला पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, असं ते कलम आहे. म्हणजे ते बिल्डर रद्द करत असतानाचं तुमचं संरक्षण, तुम्ही रद्द करायची सोय नव्हे. तुमच्या गल्लीत दुसऱ्या कुणी नुकतीच सही केली असेल तर त्यांनाही सांगा, पंधरा दिवसांच्या भरवशावर सही करू नये.

आणि दीर. त्यांचं निम्मं खरं. नोंदवलेला करार एका बाजूने पत्र लिहून नोंदवहीतून पुसला जात नाही, त्यासाठी रद्दलेखही नोंदवावा लागतो. पण "मोडताच येत नाही" हे खरं नाही. ॲग्रीमेंट म्हणजे विक्री नव्हे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ सांगतं की नुसत्या विक्रीच्या कराराने घरावर हक्क तयार होत नाही. कराराची अंमलबजावणी करून घ्यायला बिल्डर कागदोपत्री तुमच्यावर दावा लावू शकतो, हे मी नाकारत नाही. पण पर्वरीत? २०२३ च्या भावाचा फ्लॅट त्याच्या हाती परत येतोय, तो आजच्या भावाने विकायला मिळतोय. तो कोर्टात कशाला जाईल!

याच कारणाने ते २० टक्के मला खुपतात. करार मोडल्याबद्दल ठरवलेली रक्कम कितीही लिहिलेली असली तरी करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण होतं. गुरुग्रामचा फ्लॅट, करारात २० टक्के जप्तीचं कलम, आणि घेणाऱ्यांनी बाजारभाव पडले म्हणून स्वतःहून माघार घेतलेली. बिल्डरचा काही उशीर नव्हता, ताबा द्यायला तो तयार होता. तरीही कलम एकतर्फी ठरलं आणि कपात १० टक्क्यांवरच राहिली. परताव्यावरचं व्याज मात्र न्यायालयाने काढून टाकलं. म्हणजे उशिराचा मुद्दा तुमच्याकडे नसताच, तरी ६ लाख ८० हजारांवर थांबायला सांगायला तुम्हाला आधार होता. उशीर असताना तर त्या कपातीचीही गोष्ट कशाला?

तरीही नोटीस पाठवण्याआधी एक चौकशी करा, ती बहुतेकजण करत नाहीत. पर्वरीत त्याच इमारतीत, त्याच मजल्याला आज काय भाव चाललाय? बिल्डरला विचारू नका, दोन दलालांना विचारा. भाव चांगला चढला असेल तर करार रद्द करण्यापेक्षा तुमचा फ्लॅट तिसऱ्या माणसाच्या नावे करून देणं फायद्याचं पडू शकतं. त्याला बिल्डरची ना-हरकत लागते, ट्रान्स्फर फी करारात लिहिलेली असते, बँकेची संमती लागते, नफ्यावर कर भरावा लागतो. एवढं करूनही व्याजासह परताव्यापेक्षा हातात जास्त येत असेल तर तो रस्ता घ्या. गिऱ्हाईक सापडेपर्यंत उशिराची नोटीस हातची सोडू नका, एवढंच.

नोटीस पतिपत्नी दोघांच्या नावे, दोघांच्या सह्यांनी जाऊ दे. ॲग्रीमेंटवर एकट्या तुमचं नाव असलं तरी. गोव्यात लग्न झालेल्या बहुतेक जोडप्यांची मालमत्ता नागरी संहितेप्रमाणे सामाईक असते, आणि नंतर "नवऱ्याची संमती नव्हती" हा घोळ कुणालाच नको असतो. मजकूर छोटा ठेवा. करार अमुक तारखेचा, ताबा ३१ डिसेंबर २०२४ ला द्यायचा होता, दिला नाही, कलम १८ प्रमाणे आम्ही प्रकल्पातून बाहेर पडत आहोत, भरलेली रक्कम इतकी, ती व्याजासह इतक्या दिवसांत द्यावी. पोचपावतीसह स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, दोन्ही. त्याआधी एका रविवारी पर्वरीला जाऊन आतले फोटो काढा, प्लास्टर न झालेल्या भिंती दिसतील असे. गोवा रेराच्या वेबसाइटवर प्रकल्पाचं पान उघडा आणि बिल्डरने तिमाही प्रगतीचे जे तपशील भरलेत ते छापून घ्या. बिल्डरने स्वतः भरलेली टक्केवारी हाच तुमचा उत्तम साक्षीदार.

पैशांचे धागे बरेच आहेत. बँकेचे १७ लाख परत येतील ते आधी बँकेकडे जातील. कर्ज बदलत्या व्याजदराचं असेल तर मुदतीआधी फेडण्याचा दंड बँकेला लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. प्रोसेसिंग फी गेली ती गेली. निकाल लागेपर्यंत बँकेचे हप्ते थांबवू नका, रागाच्या भरात तर मुळीच नाही. भांडण बिल्डरशी आहे, सिबिल स्कोअर तुमचा आहे. ५० लाखांच्या वरची खरेदी असल्याने प्रत्येक हप्त्यातून एक टक्का टीडीएस कापून तुम्ही भरला असेल. तो बिल्डरच्याच पॅनवर जमा झालाय, म्हणजे त्यालाच मिळालाय, तेव्हा परताव्याच्या हिशेबात तो सोडू नका.

जीएसटीचं मात्र लक्ष देऊन करा. पाच टक्क्यांनी तुमचे १ लाख ३६ हजार गेलेत. बिल्डर "तो सरकारला भरला, आमच्याकडे नाही" म्हणून हात वर करतो. ज्या हप्त्यांसाठी क्रेडिट नोट (आधीचं बिल कमी करणारा कागद) काढायची मुदत अजून आहे, म्हणजे ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, त्यांचा कर त्याने क्रेडिट नोट काढून तुम्हाला द्यायचा. जुन्या हप्त्यांची ती मुदत संपलेली असणार. त्यांच्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये निघालेल्या परिपत्रकाने सोय केली आहे. जीएसटी नोंदणी नसलेल्या तुमच्यासारख्या माणसाने पोर्टलवर तात्पुरती नोंदणी करून थेट परतावा मागायचा, करार रद्द झाल्याच्या पत्रापासून दोन वर्षांच्या आत. त्याला बिल्डरचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून रद्दलेखातच "हे प्रमाणपत्र देऊ" असं कलम घालून घ्या. नंतर त्याच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा ते बरं. स्टॅम्प ड्युटी, नोंदणी फी, कर्जाचं व्याज हे नुकसान भरपाई म्हणून मागता येतं, पण तो अर्ज वेगळा, रेराच्या निर्णय अधिकाऱ्यापुढे.

नोटिशीला बिल्डर बधला तर उत्तम. बरेचजण रेराचं नाव वाचून बोलणी करायला बोलावतात, आणि थोडं व्याज सोडून मुद्दल लवकर मिळत असेल तर मी अशिलाला घ्या म्हणते. नाही बधला तर पणजीला, पाटोवर गोवा रेराचं कार्यालय आहे, तिथे कलम ३१ खाली तक्रार. ग्राहक आयोगाचाही रस्ता उघडा आहे, पण दोन्हीकडे एकच मागणी घेऊन धावू नका. रेराचा हुकूम मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं समजू नका. बिल्डरने तरीही दिले नाहीत तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे पुन्हा जिल्हाधिकाऱ्यांकडची फाइल, पुन्हा फेऱ्या. सासूबाईंच्या औषधपाण्याला लगेच पैसे हवे असतील तर हा वेळ हिशेबात धरून बोलणी करा.

आणि म्हापशाच्या त्या कार्यालयातला शेवटचा प्रसंग. रद्दलेखाच्या दिवशी बिल्डरचा माणूस फाइल घेऊन येतो, तुमचं टोकन लागतं, कॅमेऱ्यापुढे फोटो, अंगठा, आणि मग तो खिशातून पाकीट काढतो. आत तीन चेक, तीन वेगवेगळ्या पुढच्या महिन्यांचे. लेखाच्या मजकुरात मात्र लिहिलेलं असतं, "संपूर्ण रक्कम मिळाली, काही येणे बाकी नाही." एका जोडप्याने माझ्यासमोर हे वाक्य वाचून पेन खाली ठेवलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. बिल्डरचा माणूस फोनवर फोन करत राहिला. दुपारी चहा झाल्यावर आरटीजीएस झाला, मोबाइलवर बँकेचा मेसेज आला, मग सह्या झाल्या. तुम्हीही तसंच करा. ॲग्रीमेंट नोंदलेलं आहे तोवर बिल्डरला तो फ्लॅट दुसऱ्याच्या नावे करणं जड जातं. तुमच्या हातातला धरून ठेवायचा दोर तेवढाच आहे, तो पैशांच्या आधी सोडू नका.

प्रश्न : फोंड्याजवळच्या एका गावात जुनं कौलारू घर आणि मागचं थोडं भाट (बागायत) घ्यायचं ठरवलं. विसार म्हणून ३ लाखांचा चेक दिला, स्टॅम्पपेपरवर एमओयू केला, सहा महिन्यांत सेल डीड. आता कळतं की घर अजून विक्रेत्याच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे, लग्न झालेली एक बहीण आहे, आणि विक्रेत्याची बायको पोर्तुगालला असते, ती सही करायला तयार नाही. विक्रेता म्हणतो, "तुम्ही मागे हटलात तर विसार बुडाला."
- एक वाचक, फोंडा

उत्तर : मागे तुम्ही हटत नाही आहात. जे विकायचा त्याला एकट्याला अधिकार नाही ते तो विकायला बसलाय. विसार बुडतो तो घेणाऱ्याच्या चुकीने व्यवहार मोडला तर. इथे चूक सरळ सरळ विक्रेत्याची आहे.

आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचे कौटुंबिक नियम चालतात. लग्नाआधी वेगळा करार करून ठेवलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र, आणि स्थावर विकायचं तर दोघांची सही हवी. बायकोशिवायचं सेल डीड घेऊन तुम्ही भांडणच विकत घ्याल. वडील वारले म्हणजे बहिणीचाही वाटा आला, आणि तिच्या लग्नालाही तोच नियम लागू असेल तर सही तिच्या नवऱ्याचीही. त्याआधी वारस कोण हे ठरवणारं डीड ऑफ सक्सेशन किंवा इन्व्हेंटरी (कोर्टातली वाटणीची प्रक्रिया) झालेली हवी. फॉर्म एक-चौदा, म्हणजे आपल्याकडचा जमिनीचा उतारा, दाखवून कुणी "नाव आहे ना" म्हणालं, तरी ते मालकीचं खत नव्हे. त्याच कागदावर मुंडकाराची (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या, कायद्याचं संरक्षण असलेल्या माणसाची) नोंद आहे का तेही बघा, जुन्या घराच्या मागच्या भाटात ती हमखास निघते.

विक्रेत्याला लेखी कळवा. ठरलेल्या मुदतीत पत्नी, बहीण आणि मेहुणा यांच्या सह्या आणि वारसाचा कागद आणा, नाहीतर व्यवहार रद्द समजून ३ लाख परत करा. पोर्तुगालहून मुखत्यारपत्र येणार म्हणाला तर ते तिथे अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा दाखला) झालेलं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे स्टॅम्प लावलेलं असायला हवं. व्यवहार विक्रेत्याच्या दोषाने फिसकटला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे विक्रेत्याच्या त्या मालमत्तेतल्या हिश्श्यावर तुमच्या विसाराचा बोजा राहतो, हे नोटिशीत लिहा. दुसरं गिऱ्हाईक शोधताना त्याला ते अडचणीचं होतं आणि पैसे लवकर निघतात. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, तेवढी वाट बघू नका.

प्रश्न : मोपा विमानतळाजवळ प्लॉट मिळतोय म्हणून एजंटला फोनवरून एक लाख टोकन पाठवलं. करार नाही, सही नाही, फक्त व्हॉट्सॲपवर नकाशा आला. आता तो म्हणतो, टोकन परत मिळत नाही.
- एक वाचक, पेडणे

उत्तर : कुठल्या कागदाने मिळत नाही ते त्याला विचारा. कागदच नाही! विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्यात असे नकाशे फार फिरतात. पाचशे चौरस मीटरच्या वरच्या जमिनीचे प्लॉट पाडून विकायचे तर प्रकल्प रेरात नोंदवलेला लागतो, त्या प्रकल्पातले प्लॉट विकणाऱ्या एजंटाची स्वतःची नोंदणीही लागते. दोन्ही नंबर मागा. एजंट नंबर देणार नाही, पैसे परत करायची भाषा सुरू करेल. नंबर दिलाच तर वेबसाइटवर ताडून बघा, आणि जमिनीची सनद (बिगरशेती वापराची परवानगी) झाली आहे का तेही तपासा. टोकनाचा व्यवहार बँकेतून झालाय, ते स्टेटमेंट आणि सगळे मेसेज छापून ठेवा. आज रात्रीच त्याला एकच मेसेज लिहा, "अमुक तारखेला एक लाख पाठवले, करार झालेला नाही, रक्कम सात दिवसांत त्याच खात्यात परत करा." फोन केला तर उचलू नका, जे काय ते लिहूनच सांगा म्हणा.